ओ

पाचशे किलोमीटर वरून जाताना
तो खाली हाक मारतो.
ढग असोत, अमावस्या असो,
हाकेला उजेड लागत नाही.

लोखंड लगेच ओ देतं.
शांत पाणी हाक पुढे ढकलतं,
दुसऱ्याच कुणाला मारली असावी तशी,
म्हणून माझ्या पडद्यावर समुद्र काळा.

मी एस्पोत बसते. बाहेर उणे एकोणीस,
गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडून मनगटात कळ,
आणि समोर गिनीचं आखात,
जिथं या क्षणी माणसांना घाम येत असणार.
माझं काम ओ मोजणं:
कुठलं जहाज आपलं नाव-गाव सांगत चाललंय,
कुणी ट्रान्सपाँडर बंद करून अंधार पांघरलाय.
प्रत्येक पांढऱ्या ठिपक्याचे पैसे
कुणीतरी आधीच भरलेले असतात.

आक्सिमहून पत्र आलं.
एझोआ आका, मत्स्यखात्यातले कारकून, भाषा नेटकी:
‘चौदा तारखेच्या रात्री बोझोमाचा भाऊ न्यामेके,
होडी लाकडी, निळी, पुढच्या टोकाला पिवळा मासा,
माणसं पाच.
तुमचं यंत्र सगळं पाहतं असं ऐकतो.
पाहून कळवावं.’

चौदाचं चित्र होतं. विकलेलं होतं,
एका विमा कंपनीला. दुसऱ्या कुणासाठी उघडायचं नाही,
करारातलं कलम सात.
मी जेवणाच्या सुट्टीत उघडलं.

तीन ट्रॉलर, किनाऱ्याला इतके खेटून
की तिथं असण्याचा त्यांना हक्कच नव्हता.
आपणहून तिघंही मुके,
हाकेला मात्र तिघांनी खणखणीत ओ दिली.
होडी नाही.
म्हणजे होडी नव्हती असं नाही.
लाकूड हाक ऐकतं आणि गप्प बसतं.
चार करडे चौकोन होते, लाटही असेल.
मी ते मोठे करत गेले, मोठे करत गेले,
शेवटी नुसता करडा रंग उरला,
खिडकीतल्या आभाळाचा.

काय कळवायचं?
‘दिसला नाही’ हे तिथं ‘नव्हता’ असं वाचतील.
ट्रॉलरांचे अक्षांश-रेखांश लिहिले. खोडले.
पुन्हा लिहिले.
आणि खाली पेन्सिलीनं एक आकृती काढली:
तीन सपाट पत्रे, एकमेकांना काटकोनात,
दोन भिंती आणि जमीन जिथं भेटतात तसा कोपरा.
आत शिरलेली हाक
आली त्याच वाटेनं परत फिरते.
हातभर पुरे. काठीवर उंच बांधा.

उत्तर नाही.
कलम सातसाठी मात्र मला वर बोलावलं.
समज दिली, कॉफीही दिली.

एप्रिलात, एका बुधवारी
(मंगळवारी तिथं कुणी जाळं टाकत नाही)
पडद्यानं लाल अक्षरांत बोंब ठोकली:
अनोळखी जहाजं, एकेचाळीस.
बारीक, पांढरी, किनाऱ्यालगत विखुरलेली,
कुणी चिमूटभर मीठ सांडावं तशी.
मी खुर्चीतून उठले. परत बसले.

पत्र नंतर आलं, बोझोमाचं,
दुसऱ्या कुणाकडून लिहवून घेतलेलं.
‘पामतेलाचे डबे कापले. बोटंही कापली.
लोक हसले, हे काय? म्हटलं,
होडीची जीभ.
त्या रात्री ही असती तर,
असं मी तुम्हाला विचारत नाही.’

आता माझ्यापुढे तक्ता:
मालवाहू, टँकर, ट्रॉलर, संशयित.
एकेचाळीस ओळी भरायच्या आहेत.
शेवटच्या होडीपासून जरा दूर
आणखी काही तरी आहे, चार करडे चौकोन.
होडी डोलते तेव्हा पत्रा तोंड फिरवतो,
कधी ओ येते, कधी नाही.
बेचाळीस लिहू?

तो केव्हाच पुढे गेलाय,
दुसऱ्या कुठल्या तरी किनाऱ्यावर
हाका मारत.